मान डोलावणारे साहेब

काचाना मावशी दुकानात शिरली की मी आधी पाना पायाखाली घेतो. मग स्पोकची पेटी मागे सरकवतो. तरी ती निघून गेल्यावर काहीतरी कमी असतंच. नावोलोच्या बाजारात निंबाखाली बसून मी सतरा वर्षं सायकली दुरुस्त करतोय, चोर पुष्कळ पाहिले. पण चोरलेली वस्तू महिन्याभराने मातीच्या कोंबडीच्या गळ्यात घालून मलाच दाखवायला आणणारी ही एकटीच.

"अविया, ओळख पाहू ही कोण?" ती विचारते.

"कोंबडी."

"नीट बघ. दवाखान्यातली नर्सबाई आहे. गळ्यात नळी नाही का?"

ती नळी माझ्या नव्या ट्यूबमधून कापलेली असते. मी ओरडायला तोंड उघडतो, पण कोंबडीने नर्सबाईंसारखीच कंबरेवर पंख ठेवून मान अशी तिरकी केलेली असते, की ओरडणं हसण्यातच जातं. मला या गोष्टीचा फार राग येतो.

मावशी मुळात साधी मडकी करणारी. आई मडकी करायची, आजीही. चाक नाही, साचा नाही. खड्ड्यातली काळी माती, तीत फुटक्या मडक्यांचा कूट, आणि बाकी सगळं हाताने. पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि मडक्यांना कुणी विचारेना. नवरा कामाला म्हणून सीमेपलीकडे घानात गेला तो तिकडचाच झाला. घरात उरल्या मावशी आणि सवत. दोघींचं पटत नव्हतं, तेव्हा मावशीने दोलोसाठी एक रांजण केला, त्याला सवतीचं तोंड दिलं आणि ज्वारीची ती बिअर तिच्या डाव्या कानातून ओतायची सोय केली. सगळी आळी बघायला लोटली. सवतीने रांजणाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "नाक माझं एवढं मोठं नाही. पण दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही हा." त्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवतात, आणि मावशीने सरळ मडकं पुन्हा केलं नाही.

मग बेडकांची भजनी मंडळी आली, तोंडांच्या जागी बाटल्यांची बुचं लावलेली. सिग्नल मिळावा म्हणून झाडावर चढलेली बकरी आली, कानाशी जुना मोबाईल. लांबून लांबून लोक बघायला येऊ लागले. गावातल्या आणखी दहा बायका मावशीचं बघून हेच करायला लागल्या. माझ्या दुकानाची अवस्था काय झाली असेल ते सांगत नाही.

आणि गेल्या पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत मातीची खाण बंद झाली.

नदीवरच्या बांधाच्या अलीकडे ती एकच खाण. पावसाळ्यात तिची कड ढासळून एक गाय आत पडली होती. कुणीतरी वर कळवलं आणि नव्या प्रीफेसाहेबांनी, म्हणजे आमच्या तालुक्याच्या मुख्य साहेबांनी, हुकूम काढला: सार्वजनिक सुरक्षेसाठी खाण बंद. दोरी बांधली, पाटी लावली. नदीपलीकडची माती वाळूची, जाळात घातली की टिचते. पाऊस सुरू होण्याआधी माती काढून साठवली नाही तर वर्षभर अकरा बायकांचे हात रिकामे राहणार होते. मावशी चौसष्टची. ती म्हणाली, "वर्षभर हात रिकामे ठेवले तर माझी बोटं विसरतील. मग मी काय करू, तुझ्यासारखी पंक्चरं काढू?"

ती कचेरीत गेली. दारावरचा कारकून म्हणाला, अर्ज लिहून आणा. तिने हेडमास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. कारकून म्हणाला, तीन प्रती लागतात. तीन दिल्या. तिन्हींवर शिक्का पडला आणि तिन्ही आत गेल्या. महिना झाला, उत्तर नाही.

आता साहेबांविषयी सांगायला हवं. नाव बूरेमा बांसे. हे आडनाव ऐकलं की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की माणूस बिस्सा जमातीचा. आणि बिस्सा आमचे, म्हणजे गुरुन्सींचे, थट्टेचे सोयरे. त्यांनी आम्हाला गुलाम म्हणायचं, आम्ही त्यांना. ते म्हणणार, गुरुन्सी कुत्री खातात, तो दिसला की गावातली कुत्री लपतात. आम्ही म्हणणार, बिस्साच्या तिरडीवर भुईमुगाच्या चार शेंगा टाका, मेलेला उठून बसेल. यात रागावला तो हरला. थट्टेच्या सोयऱ्याने हक्काने काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. असं आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय.

पण या बांसेंना बघून कुणाची जीभ उचलत नव्हती. कडक इस्त्रीचा गणवेश, कमरेला पट्टा, चेहरा असा की सलाम आपोआप ठोकला जाई. ते बाजारातून गेले की मीही पाना खाली ठेवून उभा राहायचो. "नमस्कार साहेब." ते मान हलवायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. शिव्या द्यायच्या कुणी?

"मी देते," मावशी म्हणाली.

"तुरुंगात टाकतील."

"टाकू देत की. सगळ्यांसमोर रागावला तर त्याच्याच गावचे लोक त्याला हसतील. आणि हसला, तर तो माझा सोयरा झाला, आणि सोयऱ्याला मी खाण मागेन. दोन्हीकडून धरलाय त्याला. फक्त समोर आला पाहिजे."

समोर येणार होते ते मार्चमध्ये. दरवर्षी शाळेच्या पटांगणात, आंब्यांखाली, चटयांचे आडोसे करून प्रदर्शन भरतं. फीत कापायला प्रीफे येतातच.

मावशीकडे घरी साठवलेली शेवटची माती होती, दोन टोपल्या. ती सगळी तिने एका मूर्तीत घातली. मी म्हटलं, मावशी, थोडी तरी राख. तिने मला तिथूनच हाकललं. पंधरा दिवस मूर्ती सावलीत वाळली. मग अंगणात लाकडं, गवत आणि शेण रचून जाळ केला. तापलेल्या मूर्तीवर नेरेच्या झाडाच्या शेंगांचा काढा शिंपडला तेव्हा ती अशी तांबूस-काळी चमकली की मी माझी भीती विसरलो. लोखंड मात्र नंतर. माती भाजताना आकसते, लोखंड आकसत नाही, म्हणून ती भोकं आधीच मोठी ठेवते आणि भाजून झाल्यावर माझ्याकडे येते.

या वेळी तिला सीटखालची स्प्रिंग हवी होती.

"कशाला?"

"मानेला."

प्रदर्शनाच्या सकाळी तिने मूर्तीवरचं फडकं काढलं आणि मी आधी फाटकाकडे बघितलं. शेंगांच्या पोत्यावर बसलेले प्रीफेसाहेब. डोक्यावर सार्डिनच्या डब्याची टोपी, छातीवर बुचांची पदकं, हातात जुन्या चपलेच्या तळव्याचा शिक्का. पोट पुढे आलेलं, आणि त्या पोटाला कॅसेट वाजवायच्या यंत्राचं झाकण दार म्हणून बसवलेलं. दारामागे भाजलेल्या शेंगा. डोकं माझ्या स्प्रिंगवर. वारा आला की साहेब मान डोलावत होते: हो, हो, हो.

हेडमास्तर धावत आले. "बाई, हे काय! माझी बदली करायचीय का तुम्हाला? परवा-परवा तर मी तुमचा अर्ज लिहून दिला, त्यात 'आपला नम्र सेवक' घातलं होतं!"

"मग आता हा घ्या दुसरा अर्ज," मावशी म्हणाली. "याच्या तीन प्रती लागत नाहीत."

हेडमास्तरांनी टेबलावरचा कपडा ओढला आणि मूर्तीवर टाकला. मावशीने काढला. त्यांनी पुन्हा टाकला. एवढ्यात फाटकाशी गाडी वाजली, आणि हेडमास्तर स्वतःच मूर्तीपुढे हात पसरून उभे राहिले.

साहेब आले. फीत कापली. बेडूक पाहिले, बकरी पाहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग मावशीच्या आडोशापाशी येऊन ते थांबले आणि म्हणाले, "हेडमास्तर, तुम्हीही प्रदर्शनात आहात का?"

हेडमास्तर बाजूला झाले. मावशीने कपडा उचलला.

पटांगणात दोनशे माणसं असतील. साहेब बघत राहिले. वाऱ्याने मूर्तीचं डोकं हललं. मी मागच्या रांगेत सरकलो, कारण स्प्रिंगवर माझ्या दुकानाचा निळा रंग होता.

साहेब खाली वाकले. बोटाने पोटाचं दार उघडलं, एक शेंग काढली, फोडली आणि तोंडात टाकली. दुसरी काढली. तिसरी. नुसता टरफलं मोडल्याचा आवाज. त्यांनी मातीच्या साहेबांचं अख्खं पोट रिकामं केलं, दार लावलं, हात झटकले आणि म्हणाले:

"कच्च्या आहेत."

मावशी तयारच होती. "कच्च्या होत्या तर एक तरी ठेवायची होतीस, गुलामा!"

"गुरुन्सीला काय जमणार शेंगा भाजायला! तुमचा हात बसलाय कुत्र्यांवर."

"आणि तुझं तोंड बसलंय टरफलांवर. मिशीला लागलंय बघ!"

साहेबांनी मिशी पुसली. हेडमास्तर जवळच्या बाकावर बसले. तो बाक विक्रीचा होता, पण कुणी काही म्हणालं नाही.

मग साहेबांनी मूर्तीच्या डोक्यावर टिचकी मारली आणि तिलाच विचारलं, "काय हो प्रीफेसाहेब, खाण बंद केली, ते बरोबर केलं ना?"

डोकं डोललं. हो, हो.

मावशीने दुसऱ्या बाजूने टिचकी मारली. "काय रे शेंगदाण्या, खाण उघडणार ना?"

हो, हो, हो.

"बघा!" साहेब लोकांकडे वळले. "या बाईने असा प्रीफे केलाय जो सगळ्यांनाच हो म्हणतो."

"खराही तसाच आहे, फक्त त्याला टिचकी मारायला कुणी आत सोडत नाही," मावशी म्हणाली.

लोक हसले. आधी दोघे-तिघे, मग सगळे. मीही हसलो आणि पुढच्या रांगेत आलो. वाटलं, जिंकलं बुवा. साहेबही आता हसतील.

पण साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आणि टोपीशिवाय ते एकदम साध्या माणसासारखे दिसले.

"आठ महिने झाले मला इथे येऊन," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी भाषणात सांगितलं, मी बांसे, बिस्सांच्या झाब्रे गावचा. म्हटलं, आता कुणीतरी ओरडेल. तुम्ही टाळ्या वाजवल्या. बाजारातून जातो, तुम्ही उभे राहता. साहेब म्हणता. माझा बाप इथे बैल विकायला यायचा, तर तुमच्या वेशीपासून शिव्या खात खात आत शिरायचा आणि घरी येऊन आठवडाभर हसत सांगायचा. मला एक शिवी नाही. मी बायकोला फोनवर म्हटलं, या लोकांनी मला सोयऱ्यांतून काढलंय."

मला माझे सगळे सलाम आठवले आणि लाज वाटली. आम्ही भीतीने मान देत होतो, आणि तो माणूस रोज संध्याकाळी एकटा बसून आपण इथे नकोसे का झालो याचा विचार करत होता.

"खाणीचा हुकूम काढला," साहेब पुढे म्हणाले, "तेव्हा वाटलं, आता तरी येतील. कुणीतरी म्हातारी येऊन माझी आई-बहीण काढेल, कागद फाडेल. आला काय, तर अर्ज. तीन प्रतींत. खाली लिहिलेलं, आपला नम्र सेवक."

सगळ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

मावशीचे डोळे भरले होते. तिने ते पदराने पुसले नाहीत, तशीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्यांच्या पदकांपर्यंत येत होतं.

"अरे बाबा, आम्ही घाबरलो होतो," ती म्हणाली.

"मला? गुरुन्सी बिस्साला घाबरले?"

"इस्त्रीला घाबरलो."

"मग उद्या सकाळी खाणीवर या. सगळ्या जणी या. अर्ज आणलात तर आत ढकलून देईन."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो. साहेबांनी स्वतः दोरी सोडली. कड ढासळू नये म्हणून बांधावरचे दोन गवंडी आणले होते, त्यांनी खाणीला उतार करून पायऱ्या काढायला घेतल्या. अकरा बायका कुदळी घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी तोंडं उघडली. साहेबांच्या नाकापासून सुरुवात झाली, मग चालणं, मग झाब्रेची विहीर, मग आजी, पणजी, आणि पणजीने नवऱ्याऐवजी पसंत केलेलं शेंगांचं पोतं. मावशी सगळ्यांत खाली होती, गुडघाभर मातीत, आणि तिचाच आवाज सगळ्यांत वर येत होता. कारकून दोनदा धावत आला, कचेरीत लोक वाट बघताहेत म्हणून. साहेब काठावर उभे होते, हातात टोपी, आणि इतके हसत होते की त्यांना बोलता येत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, बायकांच्या टोपल्या भरल्या, तरी ते तिथून हलेनात.