ऐकणारा जोडला जाईपर्यंत

संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवणं हे माझं रोजचं काम. त्याला पडदा नसतो. त्याचं बोलणं सीरियल पोर्टमधून ओळीओळीने बाहेर येतं, आणि तो पोर्ट कुठे जोडायचा ते मी शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या यादीत, लिहून ठेवतो. आज स्क्रिप्ट चालवली, पण काहीच झालं नाही. मी ती पुन्हा पुन्हा बंद केली, चालवली, चिडलो.

शेजारच्या टेबलावरच्या शीतलने डोकावून पाहिलं. "सर, बिघडलं नाहीये काही. पोर्टपुढे तुम्हीच 'वेट', म्हणजे 'थांब', लिहिलंय. ऐकणारा जोडला जाईपर्यंत आतला संगणक सुरूच होणार नाही. कितीही रागवा."

माझ्या पडद्यावर दुसरी खिडकी उघडून मी पोर्टला जोडलो. भराभर ओळी उतरू लागल्या. मला मात्र त्या वाचवेनात.

भाऊजी गेल्यापासून माझी थोरली बहीण, अक्का, दुपारी फोन करते. "मोकळा आहेस का रे?" मी "बोल ना" म्हणतो आणि टाइप करत राहतो. तो खडखडाट ऐकून ती म्हणते, "काही नाही, सहजच." तिला काहीतरी सांगायचं असतं, हे मला पहिल्यापासून कळतं. खरं सांगायचं तर तिचं ते 'काही नाही' मला सोयीचंच वाटत आलंय. ती रडली तर काय बोलायचं, याची भीती वाटते.

आज मीच फोन लावला.

"काम चाललं असेल तुझं," अक्का म्हणाली.

"नाही. जिन्यात येऊन बसलोय."

मी फोन कानाशी नीट धरला.

"यांचा डबा अजून रोज भरते रे मी," ती म्हणाली.