वाढत्या अंगाचं मशीन

मी ज्या माइकवर बोलले, तो माइक त्यांनी बादलीत बुडवला. शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथंच उभी होते.

पंधरा ऑगस्ट होता. मी सातवीत होते. भाषणं मी आधीही केली होती, वर्गात, गुरुजींच्या टेबलापाशी उभी राहून. पण त्या दिवशी पहिल्यांदा माइक होता. गावच्या सोसायटीनं नवा सेट घेतला होता. मशीन, भोंगा, माइक, सगळं एका लाकडी पेटीत. शाळेचा कार्यक्रम असो, देवळातलं भजन असो की कुणाचं लग्न, सोसायटी तो सेट द्यायची. गुरुजींनी माझं नाव पुकारलं. मी बोलायला लागले आणि माझाच आवाज वरून, भोंग्यातून, माझ्या अंगावर आला. मी दचकले. मग मजा वाटली. मग मी अशी बोलले की बस्स. बायकांच्या मागं उभी असलेली माझी माय पदरात तोंड लपवून हसत होती. तिला एवढं खूश झालेलं मी फारसं बघितलं नव्हतं.

भाषण झालं, घसा सुकला म्हणून मी टाकीकडं गेले. तिथं सोसायटीचा शिपाई होता. पुढ्यात बादली, बादलीत गोमूत्र घातलेलं पाणी. त्यानं माइक त्यात बुडवला, हलवला, बाहेर काढून झटकला, पुन्हा बुडवला. खरकटी पळी विसळावी तसा. शेजारी सोसायटीचे चेअरमन उभे होते. त्यांनी मला बघितलं. मला काहीच म्हणाले नाहीत. शिपायाला म्हणाले, "संध्याकाळी देवळात भजन हाय. नीट धू."

एवढंच. शिवी नाही, हाकलणं नाही. मी तिथं नव्हतेच जणू. मी पाणी न पिता घरी आले.

संध्याकाळी देवळात माइक बोलेना. आधी नुसती खरखर, मग तीही नाही. पाण्यात घातलेला माइक बोलेल कसा? एवढं गावात कुणालाच कळू नये? कळलंही असेल. पण सकाळी बोलावणं आलं ते माझ्या बापाला. पोरीला घेऊन ये, असा निरोप होता.

बापाला आम्ही बा म्हणायचो. बा सोसायटीच्या गोदामात हमाल होता. खताची पोती उतरवायचा, चढवायचा. तुकडाभर माळरान होतं आमचं, त्यामुळं तो सोसायटीचा सभासदही होता. म्हणजे कागदावर तो सेट त्याचाही होता. आणि सेट सोलापूरहून एसटीनं आला, तेव्हा फाट्यापासून गावापर्यंत ती पेटी बाच्याच डोक्यावरून आली होती. भोंगा गळ्यात अडकवून. तेव्हा पेटीला काही झालं नाही, भोंग्यालाही नाही. विटाळ झाला तो माझ्या बोलण्यानं.

देवळासमोर माणसं जमली होती. आम्ही बापलेक खाली, पायऱ्यांपासून लांब. चेअरमननी सांगितलं, पोरीचा विटाळ झाला आणि माइक गेला. बानं डोक्यावरचा पटका काढला, जमिनीवर ठेवला. म्हणाला, "चुकलं मालक. ल्हान हाय पोरगी." मी तोंड उघडलं. मला बादलीचं सांगायचं होतं. बानं माझं मनगट असं आवळलं, की शब्द आतच राहिला. शिपाई समोरच उभा होता, अंगठ्यानं माती उकरत.

आमच्या बौद्धवाड्यातल्या कुणी पुन्हा त्या माइकला तोंड लावायचं नाही, असं ठरलं. पुढं माइक दुरुस्त होऊन आला, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला आमचे लोक सभासद म्हणून रीतसर सेट मागायला गेले. चेअरमननी अगदी समजुतीनं सांगितलं, सेट तुमचाही आहे, पण माइक देवाच्या कामाला लागतो. त्या वर्षी आमची जयंती ढोलकीवर झाली.

आणि माझं बोलणं गेलं. मुकी झाले असं नाही. घरात बोलायचे. पण वर्गात उभं केलं की आवाज नरड्यातच बसायचा. गुरुजी म्हणायचे, मोठ्यानं वाच. मी वाचायचे ते पहिल्या ओळीतल्या पोरांनाही ऐकू जायचं नाही. माय माझ्या गळ्याला तेल चोळायची. तिला वाटायचं घशाचंच काहीतरी आहे. तिची खरबरीत बोटं गळ्यावरून फिरायची आणि मला रडू यायचं. दुखतंय ते गळ्यात नाही, हे तिला कसं सांगणार?

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. आमचा सगळा वाडा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. तिथंच, दुपारी भाकरी खाताना, विषय निघाला की आपला सेट आपण घ्यायचा. एकजण बोलला आणि सगळ्यांनी उचलून धरलं. तयार सेट आमच्या आवाक्यातला नव्हता. पण सोलापुरात सुटे भाग मिळतात आणि ते जोडून देणारा एक कारागीर आहे, असं नळदुर्गच्या ढाब्यावर काम करणाऱ्या आमच्यातल्या एका पोरानं सांगितलं. घराघरानं खडीच्या पगारातून थोडं थोडं बाजूला काढलं. सोलापूरला बा जाणार होता, कारण त्यानं सेटची पेटी डोक्यावरून वाहिली होती, म्हणजे त्याला त्यातलं कळतं, असं सगळ्यांचं मत. बरोबर मी, पाट्या वाचायला.

कारागिराला सगळे चाचा म्हणत होते. दुकान कसलं, एक फळकूट आणि तारांचा गुंता. काय पाहिजे, त्यानं विचारलं. बानं जरा विचार केला आणि म्हणाला, "वाढत्या अंगाचं मशीन द्या."

चाचा बघतच राहिला. मग बानं समजावून सांगितलं. पोरांना कपडा शिवताना आम्ही अंगाबरोबर शिवत नाही. चार बोटं जास्त ठेवतो, खाली दुमडतो. पोर वाढलं की दुमड उसवायची. मशीन तसं पाहिजे. आज ऐपत आहे तेवढ्यात बोलेल, आणि दुष्काळ सरला की वाढवता येईल. चाचा हसला, पण ते हसणं बाला लागेल असं नव्हतं. "समझ गया. बसा," म्हणाला, आणि आम्हाला आत, स्वतःच्या शेजारी बसवलं.

मग निवडानिवड सुरू झाली. वाड्यातल्या पोरांनी तबकड्या वाजवायच्या यंत्रासाठी गळ घातली होती. ते आधी गेलं. दुसरा भोंगा गेला. माइकचा चकचकीत दांडा गेला. बा म्हणाला, बांबूला बांधू. चाचा म्हणाला, डबा मात्र मोठा घ्या आणि आतला ट्रान्सफॉर्मर जड घ्या. तो नंतर बदलायचा म्हणजे सगळंच बदलावं लागतं, बाकीचं आत कधीही भरता येतं. दुसऱ्या भोंग्याची तार जोडायला त्यानं मागच्या पत्र्याला आत्ताच भोकं पाडून ठेवली. आमच्या वाड्यात वीज नव्हती, खांब गावातच थांबले होते. म्हणून मशीन बॅटरीवर चालणारं, आणि उद्या वीज आलीच तर तिच्यावरही. ट्रकची जुनी बॅटरी नळदुर्गच्या गॅरेजात मिळणार होती. खरी घासाघीस झाली ती माइकवर. चाचा हलका दाखवत होता. बा ऐकेना. भोंगा लहान द्या, म्हणाला, पण माइक चांगला द्या.

दुसऱ्या खेपेला मशीन जोडून तयार होतं. चाचानं माइक माझ्या हातात दिला आणि बोल म्हणाला. मी तोंडाजवळ नेला. काही आलं नाही. दुकानाबाहेर माणसं थबकून बघायला लागली. मी माइक खाली केला. बानं तो माझ्या हातातून घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मी किसन बोलतोय. सोसायटीचा हमाल." ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. बा लाजला. पण माइक त्यानं लगेच खाली ठेवला नाही.

मशीन गावात आलं तेव्हा हसू झालं. एवढा थोरला डबा आणि आत अर्धा पोकळ. येणारेजाणारे टिचकी मारून बघायचे. बा चिडायचा नाही. कुणी विचारो न विचारो, झाकण उघडून दाखवायचा. इथं पुढं अमुक बसणार आहे, इथं तमुक. नावं सगळी चुकीची सांगायचा. आम्ही पोरं हसायचो, आणि हसता हसता माझे डोळे भरून यायचे.

जयंतीचा दिवस आला. वाड्याच्या तोंडाशी चिंच आहे, तिच्यावर भोंगा चढवला. आमच्या पलीकडं नुसतं रान, अलीकडं गाव. भोंग्याचं तोंड साहजिकच गावाकडं. दिवस मावळायला माणसं जमली. कार्यक्रम सुरू होणार, तोच चेअरमन आले. वाड्यात नाही आले. वाटेवरच, चिंचेच्या अलीकडं उभे राहिले आणि हाक मारली, "किसनराव."

कुठल्या किसनरावाला बोलावतात म्हणून बानं मागं वळून बघितलं. जन्मभर तो किसन्या होता. गोदामात किसन्या, देवळासमोर किसन्या, गावातल्या बारक्या पोरांनाही किसन्याच. चेअरमन पुन्हा म्हणाले, "किसनराव, जयंती करा, आमचं काय म्हननं न्हाय. भोंग्याचं तोंड तेवढं रानाकडं करा. गावात म्हातारीकोतारी मानसं हायती."

मी बाचा चेहरा बघितला. तो उजळला होता. मला ते बघवेना. त्यानं घाईघाईनं धोतर खोचलं, झाडावर चढला, दोर सोडला, भोंगा रानाकडं फिरवला आणि पुन्हा आवळून बांधला. चेअरमन मान हलवून निघून गेले. बा खाली उतरला तो हसतच. ज्याला त्याला सांगत सुटला, "राव म्हनले मला. समद्यांदेखत." पोरं खाली बघत होती. मायनं तोंड फिरवलं.

पहिलं भाषण माझं होतं. मायनं हट्ट धरला होता. मी वर बघितलं. भोंग्यासमोर वाळून कोळ झालेलं रान. माणूस नाही. गुरंसुद्धा नाहीत, ती सगळी छावणीत. या रानाला ऐकवायला आम्ही खडी फोडली? बापानं पटका जमिनीवर ठेवला तेव्हा मला रडू आलं होतं. आता रडू आलं नाही. आता संताप आला, आणि बापाची अशी कीव आली की छाती फुटेल असं वाटलं.

मी परकर खोचला आणि झाडावर चढले. बा खालून म्हणाला, "उतर खाली बाई. त्येंचा शबुद ऱ्हाऊ दे."

"न्हाय बा," मी म्हणाले. "रानाला काय ऐकवायचं?"

तो बुंध्याला हात लावून उभा राहिला. पाय धरून मला ओढू शकला असता. त्यानं ओढलं नाही. गाठ सुटत नव्हती, पोती बांधणाऱ्या हाताची गाठ होती ती. मी दातांनी सोडवली. भोंगा गावाकडं केला, उतरले आणि माइक हातात घेतला. माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, पुरं, आडनावासकट. आणि सोसायटीचा माइक कुणाच्या सांगण्यावरून, कशात बुडवला, तेही सांगितलं. आवाज अडला नाही. गावातून कुणी आलं नाही. दारं लावून घेतल्याचे आवाज मात्र येत होते.

बाचं गोदामातलं काम त्याच आठवड्यात गेलं. पुढं पाऊस पडला, पण आमच्या बायकांना खुरपायला बोलावणं आलं नाही. गिरणीत आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी पडायला लागलं. बा सोलापूरच्या बाजारात हमालीला गेला. अधूनमधून यायचा, दर खेपेला जरा जास्त वाळलेला. मला तो कधी रागावला नाही. एकदाच, जेवताना, हातात भाकरीचा तुकडा धरून म्हणाला, "राव म्हनले व्हते गं मला." आणि तो तुकडा तसाच ताटात ठेवून उठला.

भोंगा वळवल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. पण त्या दिवशी त्याला मिळाला तो मान नव्हता, हे बापाला समजावून सांगणं मला जमलं नाही. कोणत्या तोंडानं सांगायचं? साठीकडं झुकलेल्या माणसाला आयुष्यात एकदा कुणी राव म्हटलं होतं, आणि तेही काम करून घेण्यापुरतं. तो सोलापुरातच गेला. आम्ही दुसरा भोंगा बसवला तेव्हा तो नव्हता.

आता मी शाळेवर शिक्षिका आहे. जयंती जवळ आली की गावातून कुणीतरी येतंच. मला बाई म्हणतात, मॅडम म्हणतात. खुर्ची देतात, चहा पुढं करतात, बापाची आठवण काढतात. किसनराव लई समजदार मानूस व्हता, असं सांगतात. मग हळूच भोंग्याचं काढतात.

मी ऐकून घेते. आणि सांगते. मला मॅडम म्हणा, नाहीतर माझ्या नावापुढं काहीच लावू नका. भोंगा गावाकडंच राहील. मी आहे तोवर राहील, आणि माझ्यामागंही राहील, कारण वाड्यातल्या प्रत्येक पोरीला मी त्या चिंचेवर चढायला शिकवलंय. ज्याला आमचं ऐकायचं नाही, त्यानं आपले कान आपल्या हातांनी झाकावेत. आमचा हात त्यासाठी मिळणार नाही.