शेठाणी उनी, वाट द्या

“शेठाणी उनी, वाट द्या तिले,” रेशनवाला ओरडला आणि अख्खी रांग फिदीफिदी हसली.

मी रिकामी पिशवी घेऊन उभी. यंत्रात माझं नावच येईना. नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन पोरी. रेशनचा गहू आला तर चूल पेटते, नाही तर नाही.

तहसीलमधला बाबू म्हणाला, “बाई, धरणगावात तुमच्या नावावर कापसाची फर्म आहे. जीएसटी भरता तुम्ही. गरिबांचं धान्य खायला लाज नाही वाटत?”

त्या फर्मचं दुकान मी झाडते. बँकेत खातं काढून देतो म्हणत शेठने माझं आधार, फोटो, अंगठा घेतला होता. मी त्याला देवमाणूस समजत होते.

मी जाब विचारायला गेले, तर शेठ गादीवर लोळत होता. “माझ्या नावावर काढली असती तर कर मला बसला असता. तुझं काय बिघडलं?” मग हमालाकरवी किडका गहू दिला. “म्हशीला ठेवला होता. ने.”

मी नेला. पाखडला, दळला. सासू म्हणाली, “कडू लागस माय, पन पोट भरस.”

मग घरी नोटीस आली. फर्मने कर बुडवला होता, मागणी माझ्याकडे. मी ती दुकानात नेऊन शेठपुढे धरली. शेठ हसला.

“तुझ्याकडे जप्त करायला आहेच काय? म्हणून तर तुला निवडली.”

म्हणून तर. माझं डोकं फिरलं. माझी भूक त्याने आधी नीट बघून घेतली होती, मग ताटातलं होतं तेही काढलं.

मी झाडू फेकला. ज्या गादीची खोळ मी धुते, पण जिला टेकलेलं चालत नाही, तिच्यावर मांडी घालून बसले.

“ऊठ, रांडे.”

“नही. फर्म मन्हा नाववर शे. आते तू ऊठ.”

जन्मात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. हमालांनी मला उचलून रस्त्यावर टाकलं. माझ्याच गल्लीतले होते ते.

उद्या मी कर खात्यात जाणार आहे. बाबू म्हणतो, अंगठा तुमचा, तुम्हीच आत जाल. जाईन. पण गादीवर कोण बसतं ते सांगून जाईन.

उरलेला किडका गहू आज त्याच्या ओट्यावर ओतून आले. घरात दुसरा दाणा नाही. पोरी उपाशी आहेत. तरी ओतला.