पडकईची हाक

कोण कोणाला हाक मारतं आणि कोण कोणाचा हात धरतं, याचा माझ्या मेव्हणीइतका ध्यास आहुप्यापासून पुण्यापर्यंत दुसऱ्या कोणालाही नसेल. मढच्या एका लग्नात सगळे नवरीचा शालू बघत होते, तेव्हा ही बाई मांडवाच्या खांबाला टेकून भाताचं पातेलं नेमकं कोणामुळे अडलंय ते हेरत होती. "दाजी, आचारी हाय, वाढपी हाय, भातबी हाय. पण दोघांची गाठच न्हाई पडली, तर पंगत उपाशी!" एवढं सांगण्याच्या नादात ती स्वतःही उपाशीच राहिली.

पुण्याच्या प्रयोगशाळेतलं तिचं कामही हेच. आपल्या पेशींतला डीएनए सारखा कुठे ना कुठे तुटत असतो. मग एक प्रथिन तुटकी टोकं धरून ठेवतं, दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला आणतं, आणि शेजारच्या धड प्रतीवरून बघून तुटलेलं नीट भरून काढलं जातं. त्यांची एकमेकांवरची पकड जुळली नाही, तर सगळी हजर असूनही टोकं कशीतरी चिकटवली जातात, आणि अशा चुका साचून कधीतरी कॅन्सर होतो. उंदरांच्या पेशींत ती वर्षानुवर्षं हेच बघते आहे, आणि रुसलेल्या भावकीबद्दल बोलावं तसं त्या प्रथिनांबद्दल बोलते. माझ्या सासूबाई याच आजाराने गेल्या, हे मात्र ती कधी बोलत नाही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, म्हणजे तिच्या आक्काला, स्तनाचा कॅन्सर निघाला. अशाच दोन प्रथिनांची पकड तिच्यात जन्मापासून सैल आहे, आईकडून आलेली, असं तपासणीत कळलं. धाकटीतही ती खोट असण्याची शक्यता निम्मी. तपासून घे म्हणून आक्का तिच्या मागे लागली. एरवी तासभर बोलणारी ही नुसतं "बघू" म्हणायची, मग तिचे फोनच बंद झाले. मला तिचा राग यायचा, आणि कीवही.

वैशाखात आम्ही आहुप्याला, या दोघींच्या माहेरी, गेलो. गेल्या पावसाळ्यात फुटलेला भातखाचराचा बांध धाकटी एकटीच रचत होती. तिकडे हे काम पडकईने होतं. ज्याचा बांध त्याने घरोघर हाक द्यायची, मग गाव येतं, राबतं आणि जेवून जातं. हिने कोणालाच सांगितलं नव्हतं. दगड ठेवायची, तो ढासळायचा, पुन्हा ठेवायची. डोक्याला रुमाल बांधलेली आक्का वरच्या बांधावर बसून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अगं, एकलीनं बांध व्हतो का कधी? हाक मार की! आमी काय मेलो का?"

धाकटीने हातातला दगड टाकला. मग खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "आक्का, मला लई भ्या वाटतं. तपासायला येशील माझ्यासंगं?"

"कवाची वाट बघतेय मी," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाव आलं आणि बांध उभा राहिला. पुण्यात धाकटीचं रक्त काढताना आक्का तिचा हात धरून बसली होती. रिपोर्ट अजून यायचा आहे. मेव्हणीचा फोन आता रोज संध्याकाळी येतो. प्रथिनांचं काही नाही, पंगतींचं काही नाही, ती फारसं बोलतच नाही. आणि आक्काही फोन ठेवत नाही.