महागाची बाटली

वाचनालयाचा हा फळा रोज वाचणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी काय झालं ते ऐका आणि मलाच वेड लागलंय का, ते सांगा.

आईच्या अशक्तपणावर डॉक्टरांनी रोज दोन चमचे पोर्ट वाईन सांगितली. दोन रुपयांचीही मिळते, पण आईसाठी काटकसर कशाला? गेल्या महिन्यात कॅम्पातल्या दुकानातून पाच रुपयांची आणली. घरात दारू आली म्हणून आई आधी रुसली. मग लेबलावर कुंकवाचं बोट टेकवून म्हणाली, "आता हे औशद हाय."

बाटली संपली, आईला गुणही आला. दारावर रिकाम्या बाटल्या घेणारा आला. लेबल धड आहे हे बघून त्यानं दुप्पट पैसे दिले. मी खूश! बाटलीवाल्याला लेबल कशाला हवं, हे तेव्हा सुचलंच नाही.

आज त्याच दुकानातून पुन्हा पाच रुपयांचीच आणली. तोंडावर लाखेचं सील, सगळं नवंकोरं. आणि लेबलावर तेच कुंकवाचं बोट.

आई म्हणते, "आपलीच हाय की! गुनाची हाय, घर इसरली न्हाई."

मंडळी, आता सांगा. आईला गुण आला तो कशानं? आणि जास्तीचे तीन रुपये मी मोजतोय, ते नक्की कशाचे?