दादाच्या सिंथेसायझरमधलं गाऱ्हाणं

दादा गेला, त्याला महिना होत आला. भेटायला येणारे त्याच्या सिनेमांबद्दल बोलतात आणि मला आमची घाटकोपरची खोली दिसते. संप लांबला होता, बाबांची गिरणी काही उघडत नव्हती, आई लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले ती दादाच्या जिवावर. तो ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा. "गाणा नाय, बजावणा नाय, नुसती बटनां दाबता," असं बाबा चिडवायचे आणि वर ऐकत बसायचे.

पुढे दादा गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमांसाठी वाजवू लागला. पडद्यावर नाव अर्थातच दुसऱ्यांचं. मग एका निर्मात्याने त्याला संधी दिली... शेवटच्या प्रसंगाचं संगीत करून दाखव, जमलं तर अख्खा सिनेमा तुझा. गिरणीच्या बंद फाटकासमोर कामगार उभे राहतात, असा तो प्रसंग. रेकॉर्डिंगला दादा बाबांना आणि मलाही घेऊन गेला.

वाजवून झाल्यावर निर्माता म्हणाला, "सूर चांगले आहेत रे, पण यात माणूस कुठेय?" दादाचा चेहराच उतरला.

बाबांच्या मते नारळ फोडायचा राहिला होता. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, तिथेच फोडला आणि गणपतीपुढे घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या पोराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!" स्टुडिओतले वादक निम्मे कोकणातले. सगळे एकदम गरजले, "होय म्हाराजा!"

टेप चालूच होती. रेकॉर्डिस्ट वैतागला. "काका, वाट लावलीत! आता पुसायला लागणार."

"पुसू नकोस यार!" दादा ओरडला. त्याने तो 'होय' तेवढा उचलला, संथ केला आणि सिंथेसायझरच्या खर्जात मिसळला... फाटकासमोरच्या गर्दीला आवाज फुटला. निर्माता खुर्चीतून उठला. "परत लाव." परत ऐकून म्हणाला, "झकास. सिनेमा तुझा."

"मगे माझा नाव घालतलास मां?" बाबांनी दादाला विचारलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघंही गेलो. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून अंधारात मीच मोठ्याने वाचलं, "संगीत : वसंत भिकाजी तावडे." भिकाजी म्हणजे आमचे बाबा. त्यानंतर दादा आयुष्यभर संगीतकार म्हणूनच जगला, आणि प्रत्येक सिनेमात पडद्यावर त्याचं पूर्ण नाव आलं.