फळीची डावी बाजू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, देवापुढंही मोठ्यानं नाही. तुम्ही आपले म्हणून — बघते, जमतं का.

बमरोलीला आमचा दारं बनवायचा लहानसा कारखाना. आमचे हे धुळ्याकडचे सुतार, रंध्यावर जन्म गेलेला. मग पोरानं लाकूड घासायचं मशीन आणलं — पॉलिश पेपर गुंडाळलेला मोठा ड्रम फिरतो, खालून ह्यांनी रंधलेली फळी सरकते. त्याची देखभाल मी आपली आपणच शिकले. पेपर बदलणं, भुसा काढणं, सगळं. शेजारचे गुजराती कारखानेवाले यायचे, "काकी, जरा आमचंही बघा ने!" अंगावर मूठभर मांस चढायचं हो.

एकदा पेपर बदलताना ड्रमच्या एका टोकाचा बोल्ट मी ढिला केला. तो पेपरचा नव्हताच, ड्रम वर-खाली करायचा होता. अंदाजानं आवळून टाकला.

मग फळ्या एका बाजूनं पातळ यायला लागल्या. दारं जुळेनात. पोरगं बापावर खेकसलं, "आप्पा, तुम्ही तिरकं रंधता, ते तिरकंच बाहेर येतं. बस करो ने हवे, पुरे आता! नजर गेली तुमची."

"नजर तर तुझ्या आईला पसंत केलं तेव्हाच गेली," हे हसून म्हणाले. पण अंगठा फळीच्या कडेवरून फिरत राहिला.

मला शंका आली. सगळे जेवायला गेल्यावर एका टाकाऊ फळीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, मशीनमधून काढली. डावीकडच्या रेघा पुसल्या गेल्या, उजवीकडच्या तशाच. म्हणजे ड्रमच डावीकडे झुकलेला, माझ्या त्या बोल्टानं. तेव्हा बोलायचं ना? का नाही बोलले? — काकींचं नाव जाईल म्हणून. एवढंच.

पोरानं रंधायचं काम स्वतःकडे घेतलं. हे घरी बसले. आणि मग — मग मी ड्रमच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या सरकवून तो सरळ केला. गुपचूप. फळ्या बरोबर यायला लागल्या. "बघितलं?" पोरगं म्हणालं. ह्यांनी मान हलवली.

आता हे नाहीत. मशीन बरोबर असतं, तरी मी रोज पट्ट्या सरकवून बघते. भुशात कुणी कडेवरून अंगठा फिरवतंय असं वाटतं — मागे वळून बघत नाही.

पण सांगायचं ते हेही नाही.

घरी बसल्यावर ह्यांनी एकदा फळी रंधली, माझ्या हातात दिली. "देख वं, मन्हं कोठे चुकस?" घरात आमची अहिराणीच. मी फळी डोळ्याला लावली. बरोबर आहे म्हटलं असतं, तर आधीच्या फळ्या कुणी बिघडवल्या? मी म्हटलं, "डावीकडे उतरेल शे," उतरलीय म्हणून.

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग रंधा माळ्यावर ठेवला, तो कायमचा. हात गेलेला सुतार म्हणूनच ते गेले.

फळी सरळ होती.